एफ फॉर्मचा शेवटचा रकाना

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या शेजारी, बारीक टायपात अधूनमधून एक जाहीर नोटीस येते. मौजे अमुक, मुसद्दारूप (म्हणजे मसुद्यातली) टी.पी. स्कीम, अर्थात नगररचना योजना, नंबर तमुक, हितसंबंधितांनी आपले वांधे (हरकती) आणि सूचना मुदतीत लेखी द्याव्यात. बडोद्याच्या रावपुऱ्यातला चष्मेवाला, दांडिया बाजारात तळमजल्यावर क्लास चालवणाऱ्या बाई, वाघोडिया रोडला घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकलेला माणूस, यांपैकी कोणीही ती वाचत नाही. वाचली तरी ती आपल्या दुकानाबद्दल आहे हे कळायला मार्ग नसतो, कारण नोटिशीत गावाचं नाव आणि स्कीमचा नंबर असतो आणि दुकानदाराला माहीत असतो तो वेराबिलावरचा, म्हणजे घरपट्टीच्या बिलावरचा नंबर. मग वर्ष-दोन वर्षांनी शटरवर खडूची खूण होते आणि 'आम्हाला कोणी विचारलंच नाही' अशी ओरड सुरू होते. विचारलेलं असतं. कुठं, कधी आणि कोणत्या भाषेत, एवढाच घोळ असतो, आणि तो सोडवता येण्यासारखा आहे. म्हणून हे पत्र.

सर्वांत मोठा घोटाळा नावाचा. आपल्याकडे जागेच्या वापराशी संबंधित कुठल्याही सरकारी बैठकीला लोक सरसकट 'झोनची सुनावणी' म्हणतात. प्रत्यक्षात बडोद्यात छोट्या धंद्याच्या जागेवर चार वेगवेगळ्या प्रकारे निर्णय होतो. चारांची कलमं वेगळी, मुदती वेगळ्या, आणि एकीकडे द्यायचा कागद दुसरीकडे दिला तर त्याची किंमत शून्य.

खरा झोनबदल म्हणजे विकास आराखड्यातला बदल. गुजरात नगररचना व शहरी विकास अधिनियम, १९७६ हा मूळ कायदा. सबंध आराखडा नव्यानं तयार होतो तेव्हा मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिने वांधे घेतले जातात. मंजूर आराखड्यात मधेच फेरफार करायचा असेल तर तो राज्य सरकार कलम १९ खाली करतं, आणि तिथंही दोन महिन्यांची मुदत आहे. हे दिवस राजपत्रातल्या तारखेपासून मोजायचे. वर्तमानपत्रातली तारीख आणि राजपत्रातली तारीख यांत फरक दिसला तर आधीची धरून चालावं, वाद घालायची वेळच येत नाही. या मार्गाबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. एका दुकानापुरता झोन बदलून आणतो म्हणून पैसे मागणारे मध्यस्थ शहरात आहेत, आणि बहुतेक वेळा त्या दुकानाला झोनबदलाची गरजच नसते. रहिवासी झोनमध्ये दुकान चालत नाही, हा समज चुकीचा आहे. २०१७ च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत कुठल्या झोनमध्ये काय चालेल याचे तक्ते आहेत, आणि त्यात बराच भार समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर टाकलेला आहे. म्हणून पहिला कागद घ्यायचा तो झोनिंगचा दाखला आणि त्यासोबत पार्ट प्लॅन, म्हणजे मंजूर नकाशातला आपल्या जागेभोवतीचा तुकडा. रस्ता मंजूर नकाशात किती मीटरचा आहे हे त्यातून कळतं. डोळ्यांना दिसणारी रुंदी धरली जात नाही. जागेवर साडेसात मीटरची गल्ली नकाशात बारा मीटरची असू शकते. तसं असेल तर वापराची परवानगी मिळायला सोपं, पण पुढची भिंत धोक्यात. एकाच आकड्याच्या या दोन बाजू आहेत आणि अर्ज लिहिणारा बहुधा एकच बघतो.

दुसरा मार्ग लाइनदोरीचा, म्हणजे रस्त्याची हद्द कुठवर ते ठरवणाऱ्या रस्तारेषेचा. जुन्या शहरात, चार दरवाज्यांच्या आत आणि लगतच्या बाजारपेठांत, छोट्या दुकानाला याचीच झळ जास्त बसते. हे काम महापालिकेच्या १९४९ च्या अधिनियमाखाली चालतं. आधीची रेषा बदलून नवी ठरवायची असेल तर कलम २१० प्रमाणे महापालिकेच्या सभेच्या किमान एक महिना आधी स्थानिक वर्तमानपत्रांत आणि राजपत्रात जाहिरात द्यावी लागते, शिवाय आयुक्तांच्या सहीची विशेष नोटीस प्रत्यक्ष त्या रस्त्यावर लावावी लागते. लेखी वांधे म्युनिसिपल सेक्रेटरींच्या कचेरीत सभेच्या दिवसाआधी पूर्ण तीन दिवस पोचलेले हवेत. 'पूर्ण तीन दिवस' म्हणजे देण्याचा दिवसही सोडायचा आणि सभेचाही. सभा शुक्रवारी असेल तर मंगळ, बुध, गुरू हे तीन दिवस मधे मोकळे राहायला हवेत, म्हणजे कागद सोमवारी संध्याकाळपर्यंत खंडेराव मार्केटच्या इमारतीत आवक झालेला पाहिजे. मंगळवारी सकाळी धावत गेलेल्याचा अर्ज कारकून घेईल, शिक्काही मारेल, पण तो विचारात घेण्याचं बंधन सभेवर राहत नाही. सही-शिक्का मिळाला म्हणजे काम झालं असं मानून लोक निश्चिंत होतात, ते इथं.

लाइनदोरीत मोजणी कशी करायची हेही सांगायला हवं. रेषा रस्त्याच्या मध्यापासून मोजतात. रस्ता १८ मीटरचा ठरला तर मध्यापासून दोन्हीकडे ९ मीटर. आपल्या ओटल्याची (पुढच्या ओट्याची) कड मध्यापासून ७.८० मीटरवर असेल तर १.२० मीटर जागा रेषेत आली. दुकान ३.६० मीटर रुंद आणि ५.४० मीटर खोल धरलं तर एकूण क्षेत्र १९.४४ चौरस मीटर, जाणारं ४.३२ चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेशेहेचाळीस चौरस फूट, आणि उरणारी खोली ४.२० मीटर. अर्जात हे असंच लिहावं. 'चाळीस-पन्नास फूट जातात' असं लिहिलं की वाचणाऱ्याला ते लांबीचे फूट की क्षेत्राचे, हेच उमगत नाही. मध्य कुठला धरला आहे, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे. डिव्हायडर बसवताना किंवा एका बाजूला गटार टाकताना डांबराचा मध्य सरकतो. नकाशातला मध्य आणि जागेवरचा मध्य यांत अर्ध्या मीटरचा फरक पडला तर एका बाजूच्या दुकानदाराचं नुकसान दुसऱ्या बाजूला न जाता त्याच्याच गळ्यात पडतं.

जुन्या वाड्यांच्या बाबतीत क्षेत्रफळाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे खांबांची ओळ. पुढे ओटला, त्याच्या मागे लाकडी खांब, खांबांवर पाटडा (आडवी तुळई) आणि पाटड्यावर वरच्या मजल्याचं सगळं ओझं, अशी रचना असते. ओटला १ मीटरचा आणि खांब १.१० मीटरवर असतील तर १.२० मीटरची रेषा बरोबर खांबातून जाते. कागदावर चार चौरस मीटर जागा गेली, प्रत्यक्षात वरचा मजला बिनआधाराचा झाला. खांब १.३० मीटरवर असते तर तीच रेषा ओटला कापून निसटली असती. वीस सेंटिमीटरचा हा फरक सुनावणीत तोंडी सांगून कोणाच्या लक्षात राहत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून एक आडवा छेद काढून घ्यावा, त्यावर रेषा, ओटला, खांब, पाटडा मीटरमध्ये दाखवावेत आणि तो वांधाअर्जाला जोडावा. जाणारी जागा आणि त्यामुळे होणारं नुकसान यांच्या भरपाईची तरतूद त्याच कायद्यात आहे. भरपाईचा हिशेब पुढे याच छेदावर उभा राहतो. नगररचनातज्ज्ञ पॅट्रिक गेडिस यांनी १९१६ साली बडोद्याच्या विस्ताराचा अहवाल लिहिला. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह. शंभर वर्षांनंतर ती पाहणी दुकानदारानं स्वतःच्या खर्चानं करून द्यायची वेळ आहे, पण त्याला इलाज नाही.

तिसरा मार्ग टी.पी. स्कीमचा, म्हणजे एका भागातल्या सगळ्या जागा एकत्र धरून, रस्ते-सोयींची जागा काढून, उरलेले प्लॉट मालकांना नव्यानं वाटण्याचा, आणि शहराच्या कडेला, जिथं शेताच्या तुकड्यावर आधी शेड मग दुकानं अशी वाढ झालेली आहे, तिथं सगळा खेळ याचाच. इथं जरा थांबतो, कारण सर्वांत जास्त गमावलं जातं ते इथं आणि सर्वांत कमी समजतं तेही इथंच.

स्कीमचा इरादा जाहीर होतो, मग मालकांची सभा बोलावतात आणि कच्चा नकाशा दाखवतात. त्यानंतर मुसद्दारूप स्कीम प्रसिद्ध होते आणि तिथून एक महिना वांध्यांचा. ती सरकारनं मंजूर केली की नगररचना अधिकारी नेमला जातो, जो प्रत्येक मालकाला वेगळी नोटीस काढून ऐकून घेतो, आधी प्राथमिक आणि नंतर अंतिम योजना ठरवतो. म्हणजे बोलायला मिळतं ते एकदा नव्हे, तीनदा: मालकांच्या सभेत, महिन्याच्या मुदतीत, आणि अधिकाऱ्यापुढे. पण तिन्हींची ताकद सारखी नाही. रस्ता कुठून जावा हे पहिल्या दोन टप्प्यांत हलू शकतं. अधिकाऱ्यापुढे जाईपर्यंत मोठे रस्ते आणि आरक्षणं बहुतेक पक्की झालेली असतात आणि प्रश्न उरतो तो फायनल प्लॉट (नव्या वाटणीत मिळणारा) कुठे, किती, कोणत्या आकाराचा आणि किती रुपयांचा. लोक उलटं करतात. पहिल्या सभेला 'बघू या' म्हणून जात नाहीत आणि शेवटच्या सुनावणीत रस्ता हलवा म्हणून भांडतात.

१९७६ च्याच कायद्यात स्कीमच्या एकूण क्षेत्राची वाटणी साधारण अशी सुचवलेली आहे: रस्त्यांना १५ टक्के, बागा आणि मोकळ्या जागांना ५, शाळा-दवाखान्यासारख्या सोयींना ५, आणि विक्रीसाठी १५. बेरीज ४० टक्के. स्कीमच्या स्वरूपाप्रमाणे हे प्रमाण बदलतं, पण मालकाच्या हातात मूळ जागेच्या साठेक टक्के येतात असं जे म्हणतात त्याचा उगम हा.

आता एफ फॉर्म. पुनर्वाटणी आणि मूल्यांकनाचा हा तक्ता, एका ओळीत एक मालक. त्यात मूळ प्लॉटचा नंबर, क्षेत्र, किंमत. फायनल प्लॉटचा नंबर, क्षेत्र, अविकसित किंमत, विकसित किंमत. आणि शेवटी घेणं-देणं. नुसत्या हिशेबापुरते आकडे घेऊ. मूळ प्लॉट ५०० चौरस मीटर, दर ८,००० रुपये, किंमत ४० लाख. फायनल प्लॉट ३०० चौरस मीटर, जुन्याच दरानं किंमत २४ लाख. स्कीम झाल्यावर दर १४,००० धरला तर तीच जागा ४२ लाखांची. वाढ १८ लाख. वाढीच्या निम्म्यापर्यंत मालकाकडून फाळा (स्कीमच्या खर्चातला वाटा) घेता येतो, म्हणजे जास्तीत जास्त ९ लाख. उलट गेलेल्या जागेपोटी ४० वजा २४ म्हणजे १६ लाख मालकाला येणं. वजाबाकी केली की मालकाला ७ लाख मिळायला हवेत. हे दर जरा हलवले की चित्र फिरतं. मूळ दर ८,००० ऐवजी ४,००० लावला तर मूळ किंमत २० लाख, फायनल प्लॉटची अविकसित किंमत १२ लाख, वाढ ३० लाख, फाळा १५ लाख, येणं ८ लाख, आणि आता मालकानंच ७ लाख भरायचे. जमीन तीच, कापणी तीच, फक्त एका रकान्यातला दर अर्धा झाला. म्हणून सुनावणीत 'माझी जागा कमी केली' यावर सगळा वेळ घालवण्याआधी मूळ प्लॉटचा दर कशावरून धरला हे विचारावं आणि त्याच भागातल्या, स्कीम जाहीर होण्याच्या सुमाराच्या विक्रीखतांच्या नकला पुढे ठेवाव्यात. आपणच कर वाचवायला दस्तात किंमत कमी दाखवली असेल तर तोच दस्त इथं उलटतो, हेही ध्यानात असू द्या.

मूळ प्लॉटच्या किमतीचे दोन पोटरकाने असतात, बांधकाम सोडून आणि बांधकामासह. दोन्हींत एकच आकडा दिसला तर समजावं की शेड, दुकानाचे गाळे, कूपनलिकेची खोली यांतलं काहीच मोजलेलं नाही. आणि अगदी शेवटचा रकाना शेऱ्याचा. भाडूत आहे का, गहाण आहे का, कोणाचा रस्त्याचा हक्क आहे का, हे सगळं तिथं यायला हवं, आणि छोट्या दुकानदाराच्या बाबतीत तोच रकाना बहुधा कोरा असतो. प्राथमिक योजना अमलात आली की मूळ प्लॉटवरचे हक्क संपतात आणि योजनेत ठरलेले हक्क तेवढे उरतात. जे शेऱ्यात आलं नाही ते नंतर तोंडानं सांगून उभं करणं फार अवघड. वीस वर्षांच्या भाडेपावत्या घरात आणि शेरा कोरा, असा भाडूत मालकाशीही भांडू शकत नाही आणि कचेरीशीही.

इरादा जाहीर झाल्याच्या तारखेनंतर परवानगीशिवाय काहीही बांधू नका, हे इथंच सांगून टाकतो. नवं शटर, मागचा पत्र्याचा पडदा, वरचा पोटमाळा, काहीही असो. 'बांधकाम दिसलं की प्लॉट हलवत नाहीत' असा सल्ला देणारे भेटतात. असं बांधकाम वांधाअर्जात दाखवलं तर तो आपल्याच विरुद्धचा पुरावा होतो.

चौथ्या प्रकारात जाहीर सुनावणी होतच नाही. झोन तोच, रस्ता तोच, पण घराच्या खालच्या मजल्याचं दुकान करायचंय. याला सुधारित विकास परवानगी लागते, लोक जिला रजाचिठ्ठी म्हणतात ती, आणि काम झाल्यावर वापराची परवानगी, म्हणजे बी.यू. इथं गैरसमजांचा पूर आहे. वेराबिलात 'बिनरहिवासी' लागलं म्हणजे दुकान कायदेशीर झालं, हा पहिला. कर हा प्रत्यक्ष वापरावर लागतो, तो भरल्यानं वापराला मंजुरी मिळत नाही. गुमास्ता नोंदणी आहे म्हणजे झालं, हा दुसरा. ती नोकरांच्या आणि कामाच्या वेळेच्या कायद्याची नोंद आहे, भिंतीची नाही. जमीन एन.ए. आहे, हा तिसरा, आणि यात अर्धं सत्य आहे. बिनशेतीची परवानगी महसूल खात्याची, जमीन महसूल कायद्याच्या कलम ६५ खालची. ती रहिवासी कारणासाठी मिळालेली असेल तर व्यापारी वापरासाठी ती पुन्हा बदलून घ्यावी लागते. या सगळ्या खिडक्या एकमेकींना विचारत नाहीत. एकीचा शिक्का दुसरीला चालत नाही.

पार्किंगच्या जागेत काढलेल्या दुकानाची गोष्ट वेगळी. मंजूर नकाशात पार्किंग म्हणून दाखवलेली जागा बंद करून गाळा केला असेल तर कोणतीही सुनावणी ती चूक धुऊन काढत नाही. इम्पॅक्ट फीचे, म्हणजे फी भरून विनापरवाना बांधकाम नियमित करून घेण्याचे कायदे २०११ आणि २०२२ मध्ये आले, पण त्यांना ठरावीक तारखेची मर्यादा आहे. त्यानंतरचं बांधकाम त्यांत बसत नाही. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनची आग लागली आणि त्यानंतर राज्यभर बी.यू. आणि फायर एन.ओ.सी. नसलेल्या जागांना सील लागली, तेव्हा कित्येकांना आपल्याकडे बी.यू. नाही हे प्रथम कळलं. सील लागल्यावर आधी अर्ज करायचा तो सील उघडण्याचा नव्हे. कोणत्या कलमाखाली नोटीस आहे ते वाचून, मंजूर नकाशाची प्रमाणित नक्कल काढून, काय जुळत नाही त्याची यादी करायची. ती यादी हातात असली की अर्धं काम झालं. काही बाबतीत दार, जिना आणि शटर पूर्ववत करणं हेच सर्वांत स्वस्त पडतं.

आता वांधाअर्ज कसा असावा. एक पान, फार तर दोन. वर नोटिशीचा क्रमांक आणि तारीख, मग मौजे, सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, मूळ आणि फायनल प्लॉटचे नंबर, आपण मालक की भाडूत की वहिवाटदार. मग मापं, मीटरमध्ये. मग मागणी, आणि ती एकच. 'रस्ता रद्द करा, नाहीतर कमी करा, नाहीतर भरपाई द्या, नाहीतर दुसरी जागा द्या' असं लिहिणाऱ्याला खरोखर काय हवंय हे समजत नाही, आणि उत्तर देणारा सर्वांत सोप्या मागणीवर 'मान्य नाही' लिहून मोकळा होतो. पर्यायी मागणी द्यायचीच असेल तर ती वेगळ्या परिच्छेदात, नकाशासह. शेवटी 'मला प्रत्यक्ष ऐकून घ्यावे' हे वाक्य स्पष्ट लिहावं. सोबत प्रॉपर्टी कार्ड किंवा सात-बाराची ताजी नक्कल, वेराबिल, मंजूर नकाशा असल्यास तो, भाडेपावत्या, आणि तारीख दिसेल असे फोटो. दोन प्रती न्याव्यात, एकीवर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का घ्यावा, आणि तीच प्रत सुनावणीला न्यावी.

एकच मजकूर छापून दीडशे सह्या गोळा करण्याची आपल्याकडे हौस आहे. मोर्चाला ते ठीक. इथं दीडशे सारखे अर्ज हा एकच वांधा धरला जातो, त्याला एकच उत्तर मिळतं, आणि एफ फॉर्ममध्ये प्रत्येकाची ओळ मात्र वेगळी असते. संघटनेनं सामाईक मुद्दा एका अर्जात मांडावा आणि प्रत्येक दुकानदारानं आपल्या मापांचा अर्ज स्वतंत्र द्यावा. 'माझं पोट यावर आहे' हे खरं असतं, लिहायलाही हरकत नाही, पण त्यावर अधिकाऱ्याला लिहिण्यासारखं काही नसतं. तोच माणूस 'नकाशातला कोपरा माझ्या मंजूर बांधकामातून जातो, मंजुरी क्रमांक अमुक, कोपरा दीड मीटर पश्चिमेला सरकवल्यास रस्त्याची रुंदी कायम राहते' असं लिहितो तेव्हा नाकारायला कारण द्यावं लागतं.

नोटीस न पोचण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे वारसाई न झालेली असणं. प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचं नाव, वेराबिल काकांच्या नावावर, दुकान पुतण्या चालवतो. नोटीस आजोबांच्या नावानं निघते आणि 'मालक आढळले नाहीत' शेऱ्यानं परत जाते. दांडिया बाजार, बाबाजीपुरा, रावपुरा इथल्या आपल्या मराठी घरांमध्ये हे फार. भाऊ-बहिणी पुण्या-मुंबईला, कोणाची सही कोणाला मिळत नाही, म्हणून तीस वर्षं फेरफार पडून राहतो. निदान सुनावणीला जाणाऱ्याच्या नावानं बाकीच्यांचं अधिकारपत्र असू द्या. नाहीतर अर्जदाराचा संबंध काय, या पहिल्याच प्रश्नाला पाच मिनिटं जातात.

माहिती अधिकारात नकाशा मागवतो आणि मग वांधा लिहितो, असा बेत करू नये. उत्तराला तीस दिवस, वांध्याची मुदत एक महिना. मसुदा पाहायला ठेवलेला असतो. त्याच आठवड्यात कारेलीबागेतल्या वुडाच्या (वडोदरा शहरी विकास प्राधिकरणाच्या) कचेरीत किंवा नोटिशीत दिलेल्या ठिकाणी जाऊन पाहावा, आपल्या प्लॉटभोवतीच्या चार प्लॉटांसकट टिपून घ्यावा. नुसता आपला प्लॉट पाहिला तर रस्ता कुठून वळला ते दिसत नाही.

वांधा फक्त दुकानदाराचाच असतो असंही नाही. सोसायटीच्या आतल्या गल्लीत रात्री अकरापर्यंत चालणारं वेल्डिंग किंवा ज्याच्या दारात चाळीस दुचाक्या लागतात असा क्लास, याविरुद्ध शेजाऱ्यांचं म्हणणं रास्त असतं. त्यांनीही 'रहिवासी भागात धंदा नको' असं मोघम न लिहिता रस्त्याची मंजूर रुंदी, कामाच्या वेळा आणि दाखवलेलं पार्किंग कुठं आहे हे लिहावं. शिलाईचं दुकान आणि गॅरेज एका मापानं हाकलणारा अर्ज सहसा दोघांनाही वाचवतो.

निर्णय सुनावणीत सांगत नाहीत, त्यासाठी मागे लागावं लागतं. अधिकाऱ्याच्या ज्या निर्णयांवर अपील आहे, तिथं मुदत निर्णय कळवल्यापासून एक महिना. मंजूर योजना हाती आली की पुन्हा आपली ओळ वाचावी: नाव, क्षेत्र, शेरा. टायपातली चूक, अंकांची अदलाबदल असली तर कलम ७० खाली दुरुस्तीची सोय आहे, पण कोणी दाखवून दिल्याशिवाय ती होत नाही.

आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. अशी नोटीस निघाली की आठवड्यातून एकदा छोट्या चौकटीत मौजे, स्कीम किंवा रस्त्याचं नाव, वांध्यांची शेवटची तारीख आणि नकाशा कुठं पाहायला मिळेल एवढं मराठीत द्यावं. जागा चार ओळींची लागेल. आणि कचेऱ्यांकडे मागणी अशी की जाहीर नोटिशीबरोबर सर्व्हे नंबर आणि सिटी सर्व्हे नंबरांची यादी वॉर्ड ऑफिसात लावावी, सुनावणीच्या नोटिशीत दिवसाबरोबर तासही लिहावा, आणि वेराबिलावर कब्जेदार म्हणून ज्याचं नाव आहे त्यालाही एक प्रत पाठवावी. सकाळी साडेदहाला बोलावून दुपारी चारला नाव पुकारलं तर ज्याचं दुकान एकट्याच्या जिवावर चालतं तो दोन वाजता शटर उघडायला निघून जातो आणि कागदावर 'गैरहजर' लागतं.

लाइनदोरीची विशेष नोटीस रस्त्यावर लागली असेल तर तिचा फोटो जरूर काढून ठेवा, आणि काढताना शेजारच्या दुकानाची पाटी चौकटीत येऊ द्या. नोटीस कुठल्या रस्त्यावर आणि कोणत्या दिवशी लावली होती, हा प्रश्न नंतर निघतोच.

आपला नम्र,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे